टाळी कुठे पडते ते बघा : ज्यू इतिहास रंगमंचावर आणणाऱ्या संघांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या एकांकिका व नाट्यस्पर्धांत उतरणारे संघ, त्यांचे दिग्दर्शक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅन फ्रँक, वॉर्सॉचा घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, छळछावणी, नाहीतर मग शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक. ज्यू इतिहासातलं काही ना काही घेऊन मराठी संघ अधूनमधून रंगमंचावर येतात. विषय वजनदार असतो, कपडेपट वेगळा असतो आणि शेवटच्या ब्लॅकआउटला प्रेक्षागृह हमखास सुन्न होतं. ते सुन्न झालं की प्रयोग लागला, असं धरून चालायची आपल्याकडे रीत पडली आहे. आमचा आक्षेप या रीतीला आहे. साठ लाख माणसं मारली गेली त्या विषयावर प्रेक्षकाला रडवणं कठीण नाही. तो कुणासाठी रडला, कुठे हसला आणि कुणाला टाळी देऊन घरी गेला, हे बघायला हवं, आणि ते बरंचसं दिग्दर्शकाच्या हातात असतं.

याचा चांगला दाखला जर्मनीतलाच आहे. अ‍ॅन या ज्यू मुलीनं हॉलंडमध्ये नाझींपासून लपून राहताना लिहिलेल्या डायरीवरून फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांनी लिहिलेलं नाटक ५ ऑक्टोबर १९५५ला न्यूयॉर्कमध्ये लागलं. वर्षभरानं, १ ऑक्टोबर १९५६ला, जर्मनीतल्या सात नाट्यगृहांत ते एकाच दिवशी उघडलं. अनेक ठिकाणी पडदा पडल्यावर टाळी वाजलीच नाही, लोक गप्प उठून घरी गेले. त्यातून चांगलंही निघालं. मार्च १९५७मध्ये हॅम्बर्गमधले सुमारे २,००० तरुण बर्गन-बेल्झनला, अ‍ॅन जिथे मेली त्या छावणीच्या जागी, जाऊन आले. पण एक बाई नाटक बघून हेलावली आणि म्हणाली, निदान त्या मुलीला तरी जगू द्यायला हवं होतं. हा किस्सा थिओडोर अडोर्नो या तत्त्वज्ञानं १९५९च्या व्याख्यानात सांगितला. बाईचं हेलावणं खोटं नव्हतं आणि अडोर्नोनेही ते समजण्याची पहिली पायरी म्हणून जमेस धरलं. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मात्र तिला नाटकानं पाडला नाही.

तो का पडला नाही, हे संहिता वाचली की कळतं. १९५५च्या संहितेत एकही नाझी रंगमंचावर येत नाही. खाली मोटार थांबल्याचा आवाज येतो, दारावर धक्के बसतात, तेवढंच. त्यामुळे प्रेक्षकाचा राग व्यक्त व्हायला समोर फक्त लपलेली आठ माणसंच उरतात. मिस्टर व्हान डान रात्री उठून पाव चोरतात, त्या प्रवेशाला कुठल्याही भाषेत प्रेक्षक सर्वांत जास्त चिडतो. ही चोरी नाटककारांनी रचलेली आहे, डायरीत ती नाही. दंतवैद्य डुसेल यांना हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचं काहीच ठाऊक नसल्याचं दाखवलं आहे, तेही उलटं आहे. ज्यांच्यावरून हे पात्र घेतलं ते फ्रिट्झ फेफर धर्म पाळणारे होते, आणि नाटकातल्या या चित्रणाविरुद्ध त्यांच्या जोडीदार शार्लोट यांनी तक्रारही केली होती. शेवटी येतं ते माणसं मनानं चांगलीच असतात हे वाक्य. डायरीत ते १५ जुलै १९४४च्या नोंदीत आहे, आणि त्याच नोंदीत लगेच पुढे जगाचं वाळवंट होत चालल्याचं आणि आपल्यालाही संपवणारा गडगडाट जवळ येत असल्याचं तिनं लिहिलं आहे. अटक ४ ऑगस्टला झाली. नाटकात पुढची वाक्यं गाळून फक्त दिलासा ठेवला आणि प्रेक्षक तोच घेऊन बाहेर पडला.

तुम्ही ही संहिता करणार असाल तर १९९७ची, वेंडी केसलमन यांनी दुरुस्त केलेली आवृत्ती मिळवा. तिच्यात डायरीतला गाळलेला भाग परत आला आहे आणि अटक समोर घडते. जुनीच करायची असेल तर हक्कांची रीतसर परवानगी घेताना बदलांचीही घ्या, मनानं वाक्यं जोडू नका. पावाच्या प्रवेशात प्रकाश व्हान डानवर न ठेवता बाकीच्या सात जणांच्या चेहऱ्यांवर ठेवा. शिधा किती उरला आहे हे त्याआधीच्या दोन प्रवेशांत प्रेक्षकाला मोजून दिसलं पाहिजे. चोरीमागची भूक आधी दिसली असेल तर प्रेक्षागृहातून 'शी!' ऐकू येत नाही.

आणखी एक प्रतिक्रिया लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५८मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात याच नाटकाच्या प्रयोगात काही पोरांनी आरडाओरडा केला की हे सगळं बनावट आहे, अशी मुलगी झालीच नाही. त्या शहरात राहणारे, नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सिमॉन वीझेन्थाल त्यांच्यातल्या एकाशी बोलले. तो म्हणाला, तिला पकडणारा माणूस आणून दाखवा, मग मानू. वीझेन्थाल यांनी शोध लावला, आणि १९६३मध्ये कार्ल झिल्बरबाउअर सापडला. तो तेव्हा व्हिएन्नाच्या पोलिसात नोकरीला होता. यावरून संघांनी एवढं तरी करावं की प्रेक्षकाच्या हातात एक छापील पान ठेवावं. त्यावर आठही जणांची खरी नावं, प्रत्येकाचा शेवट कुठे झाला ते, आणि तारखा असाव्यात. आठांपैकी एकटे ओटो फ्रँक, अ‍ॅनचे वडील, परत आले. त्या पानावर 'हृदयद्रावक', 'काळजाला हात घालणारी' असलं काही छापू नका. रडायचंच आहे असं आधी सांगितलं की प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांत हसत नाही. आणि ही चुरचुर बोलणारी, आईशी भांडणारी, नट्यांची चित्रं भिंतीला चिकटवणारी पोरगी आधी हसवत नसेल तर पुढचं सगळं फुकट आहे.

आता मराठी रंगमंचावरच्या खास दुखण्याकडे येऊ. ते म्हणजे एन्ट्रीला टाळी. नाझी अधिकाऱ्याची भूमिका संघातल्या सगळ्यात उंच, भरदार आवाजाच्या मुलाला मिळते. बूट चकचकीत, टाचा आपटून सलाम, मागून स्पॉट, पार्श्वसंगीताचा तडाखा. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, मागच्या रांगांतून शिट्टीही येते, आणि बक्षीस समारंभात अभिनयाचं पारितोषिकही त्यालाच जातं. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर हिटलरचं आत्मचरित्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी विकलं जातं. 'शिस्त असावी तर अशी' म्हणणारे काका प्रत्येक नाट्यगृहात चार तरी असतात. त्यांना आयता नायक मिळतो.

यावर उपाय तांत्रिकच आहे. टाळीला जागा लागते. प्रवेश, थांबा आणि वाक्य या क्रमानं ती जागा तयार होते, म्हणून थांबा काढून टाका. अधिकारी दुसऱ्याच्या वाक्याच्या मधेच, विंगेतून तिरका, शक्यतो पाठमोरा येऊ द्या. त्याच्यासाठी वेगळा स्पॉट नको, आधीच्या जनरल प्रकाशातच त्याला उभा करा. एक्झिटनंतर ब्लॅकआउट करू नका, प्रवेश पुढे चालू ठेवा. आवाज खाली, कामकाजी ठेवा. ही माणसं याद्या करत होती, पावत्या फाडत होती. झिल्बरबाउअरनं त्या घरात शिरल्यावर पैसा-दागिना कुठे आहे ते विचारलं आणि तो भरायला एक ब्रीफकेस उपडी केली, तिच्यातून अ‍ॅनची पानं जमिनीवर पडली. रंगमंचावर एवढी कृती पुरे आहे. तिला टाळी पडत नाही.

चिन्हांच्या बाबतीतही असंच. आपल्या प्रेक्षकानं स्वस्तिक दारावर, वहीवर, लग्नपत्रिकेवर पाहिलेलं असतं. नाझींचं चिन्ह लाल कापडावरच्या पांढऱ्या वर्तुळात, काळं आणि ४५ अंश कललेलं असतं. ते सरळ काढलं, किंवा भगव्याकडे झुकणाऱ्या कापडावर काढलं, की प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होते आणि प्रवेश हातचा जातो. आठ फुटी झेंडा मागे टांगण्याची हौस टाळा, डाव्या बाहीवरची पट्टी पुरते.

पिवळ्या ताऱ्याचा तर सरसकट गोंधळ होतो. जर्मनीत तो सप्टेंबर १९४१पासून, सहा वर्षांवरच्या सगळ्यांना, छातीवर डाव्या बाजूला आणि त्यावर 'यूड' म्हणजे ज्यू असं लिहिलेला. हॉलंडमध्ये मे १९४२पासून, त्यावर 'योड'. वॉर्सॉमध्ये मात्र पिवळा तारा नव्हता. तिथे डिसेंबर १९३९पासून उजव्या बाहीवर किमान १० सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी आणि तिच्यावर निळा तारा होता, तोही मोठ्यांना आणि दहा-बारा वर्षांवरच्या मुलांनाच. म्हणजे घेट्टोतल्या सहा वर्षांच्या पोराच्या छातीवर पिवळा तारा शिवला की चूक एकाच वेळी तीन ठिकाणी होते. हातावर नंबर गोंदवणं फक्त आउशविट्झच्या छावण्यांत होतं. ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत आणलेल्या बहुतेकांना नंबर नाही, पट्ट्यापट्ट्यांचे कपडेही नाहीत, कारण काही तासांतच त्यांना मारलं जाई. अ‍ॅन गॅसनं मेली हे वाक्य निवेदनात ऐकू येतं. बर्गन-बेल्झनमध्ये गॅस चेंबर नव्हता. ती १९४५च्या सुरुवातीला तिथल्या टायफसच्या साथीत गेली.

गॅस चेंबर स्मोक मशीननं दाखवू नका, एवढी हात जोडून विनंती. तो धूर पहिल्या तीन रांगांत पसरतो, कुणीतरी खोकतं, शेजारचा हसतो, आणि तुम्ही उभं केलेलं सगळं त्या हसण्यात जातं. शिवाय ऑर्केस्ट्रातल्या गाण्यालाही हाच धूर लागतो, हे प्रेक्षकाला चांगलं ठाऊक असतं.

हनुक्काचा दिवा नऊ मेणबत्त्यांचा, सात शाखांचा वेगळा. मेणबत्त्या उजवीकडून मांडत जायच्या आणि पेटवताना सगळ्यात नवी, म्हणजे डावीकडची, आधी पेटवायची. लपलेल्या घरात १९४२च्या डिसेंबरात मेणबत्त्यांच्या टंचाईमुळे त्या दहाच मिनिटं जळत ठेवल्या होत्या, हे अ‍ॅननं लिहिलं आहे. रंगमंचावर त्या कुणीतरी फुंकून परत डब्यात ठेवताना दाखवा, प्रेक्षकाला टंचाई वेगळी सांगावी लागणार नाही. हिब्रू अक्षरं फ्लेक्सवर छापताना उलटी येतात, कारण लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि दुकानातलं सॉफ्टवेअर ती फिरवतं. छापण्याआधी वाचता येणाऱ्याला दाखवा. 'हावा नगीला' हे आनंदाचं हिब्रू गाणं पोलंडच्या घेट्टोवर वाजवू नका, आणि फ्रँकफर्टहून आलेल्या उदारमतवादी फ्रँक कुटुंबावर तर मुळीच नको.

वॉर्सॉचा विषय निघालाच आहे तर आपल्याला जवळच्या प्रयोगाबद्दल. १८ जुलै १९४२ला डॉक्टर आणि लेखक यानुश कोरचाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी घेट्टोत रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. दिग्दर्शन एस्तेरका विनोग्रोन या तरुणीचं. प्रेक्षक होते घेट्टोतलेच लोक. चार दिवसांनी, २२ जुलैला, ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलं, कोरचाक आणि कर्मचारी त्यांत गेले. या घटनेवर नाटक करावंसं वाटणं साहजिक आहे. पण एकदा डोक्यात गाड्या बसल्या की संघ नाटकातल्या आजारी अमलला पहिल्याच वाक्यापासून मरायला बसवतात. कोरचाक यांच्या डायरीत त्या प्रयोगानंतरच्या टाळ्या, हस्तांदोलनं, हसणं, गप्पा यांची नोंद आहे आणि एका बड्या पाहुणीनं केलेल्या शेऱ्यावर तिरकस टोमणाही आहे. म्हणजे त्या दिवशी ते नाटक नाटकासारखंच झालं. पोरांनी पाठांतर केलं होतं, त्यांना टाळी हवी होती, ती मिळाली. तुमच्या प्रयोगात नाटकातल्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवू द्या, आणि पुढचं ज्यांना माहीत आहे असे तुमचे प्रेक्षक त्या वेळी काय करतात ते बघा. बहुतेकदा ते हात उचलतात आणि थांबतात. पार्श्वसंगीतातल्या दहा व्हायोलिनांनी हे होत नाही.

या विषयावरच्या प्रयोगासाठी आणखी एक गोष्ट : कोरचाक यांनी ती बाहीवरची पट्टी बांधायला नकार दिला होता आणि त्यापायी तुरुंगही भोगला होता. तेव्हा कोरचाक करणाऱ्या नटाच्या बाहीवर पट्टी नको. ती नाही, हे दुसऱ्या पात्राच्या नजरेनं एकदा दाखवा.

शायलॉकबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. मराठी प्रेक्षकाला त्याच्यात ज्यू दिसण्याआधी सावकार दिसतो. ग्रामीण नाटकं आणि तमाशापट यांनी सावकार इतका पक्का करून ठेवला आहे की शायलॉकनं सुरी पाजळली की हशा, आणि वकिलाच्या वेषातल्या पोर्शियानं 'मांस घे, पण रक्ताचा थेंब नको' हा मुद्दा काढला की कडकडाट. ती टाळी पुढे त्याच्या सक्तीच्या धर्मांतरालाही तशीच लागू पडते, कारण ते लगेचच येतं. व्हेनिसमध्ये १५१६पासून ज्यूंना घेट्टोत राहावं लागे, रात्री दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंकडूनच वसूल होई. जमीन आणि बहुतेक कारागिरांच्या संघटना त्यांना बंद होत्या, व्याजबट्टा उघडा होता, कारण चर्चनं तो ख्रिस्त्यांना निषिद्ध केला होता. हे सगळं निवेदनात सांगत बसू नका, पहिल्या प्रवेशाआधी दरवाजाला कुलूप लागताना दाखवा. मूळ नाटकात शायलॉकला नावानं कमी आणि 'ज्यू' म्हणूनच जास्त हाक मारली जाते. भाषांतरात ती जशीच्या तशी ठेवा, कारण ते कोण बोलतं हे प्रेक्षकाला ऐकू यायला हवं. धर्मांतराच्या वाक्याआधी मात्र पूर्ण थांबा घ्या. पोर्शियाची टाळी ओसरू द्या आणि मग ते वाक्य कोऱ्या शांततेत पडू द्या. पात्राला नावाऐवजी जातच चिकटवली की काय होतं, याचा अनुभव फ्रँकफर्टनं ३१ ऑक्टोबर १९८५ला घेतला. फासबिंडर यांच्या एका नाटकात बिननावाचं 'श्रीमंत ज्यू' असं पात्र होतं. प्रयोगाच्या दिवशी शहरातल्या ज्यू समाजाचे लोक रंगमंचावर चढून उभे राहिले आणि प्रयोग झालाच नाही.

आणि ज्यू म्हटलं की गाडी, कुत्री, काटेरी तार, एवढंच का? मराठी बोलणारे ज्यू आपल्या दाराशी आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही बेने इस्रायलींची परंपरागत कथा. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६चं. त्यांच्यात मराठी कीर्तनाची परंपरा होती. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चालीवर अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत लावली जात. म्हणजे ज्यू इतिहास मराठी प्रेक्षकासमोर मांडण्याची रीत आधीपासून तयार आहे, आणि ती आपल्याला पाठ असलेल्या वळणाची आहे. पुरीमच्या सणाला, ज्याला बेने इस्रायली जुन्या काळी 'होळीचा सण' म्हणत, एस्तेरची गोष्ट वाचताना खलनायक हामानचं नाव आलं की सिनेगॉगमध्ये खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते बुडवून टाकतात. प्रेक्षकांनी आवाज करायचा, हसायचं, दंगा करायचा, ही त्यांच्या रंगपरंपरेची एक मूळ अट आहे. तुम्ही मात्र त्यांना नेहमी स्मशानशांततेतच उभं करता.

नाट्यही भरपूर आहे. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांवर तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीनं १९६२मध्ये शंका घेतली, वंशावळ तपासण्याचे नियम काढले. लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूनं ठराव करावा लागला. दोन अंकांचा मजकूर आहे हा, आणि त्यात बूट आपटणारं कुणी नाही.

प्रयोगानंतर चर्चा ठेवणार असाल तर पंधरा मिनिटं पुरे, आणि ती दिग्दर्शकानं चालवू नये, तो थकलेला आणि कौतुकाचा भुकेला असतो. पहिला प्रश्न गाझाचा येतो. तो टाळू नका, मत विचारलं तर सांगा, पण नाटकातली मुलं १९४२ची आहेत हे सांगायला विसरू नका. दुसरा येतो हिटलरच्या शिस्तीचा. तिथे वाद न घालता आकडे आणि तारखा सांगा. तिसरा बहुधा फाळणीचा असतो, आणि तो बोलू द्यावा, कारण त्या माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी घरचं असतं. 'ही सगळ्या मानवजातीचीच गोष्ट आहे' असं सूत्रसंचालकानं म्हणून टाकू नये. १९६५मध्ये पीटर वाइस यांनी आउशविट्झ खटल्यावर लिहिलेल्या नाटकात 'ज्यू' हा शब्दच येत नाही, आणि त्याबद्दलचे आक्षेप अजून मिटलेले नाहीत.

परीक्षकांना एवढंच की हुंदक्यांवर गुण देऊ नका. अधिकाऱ्याला पारितोषिक द्यायचं मनात आलं तर त्या नटाला टाळी कोणत्या वाक्यावर पडली ते टिपणात लिहून बघा. पडदा पडल्यावर मेलेली पोरं हात धरून हसत पुढे येतात आणि ढोलकीवर कलाकारांची ओळख होते, तेही तुमच्या कागदावर यायला हवं. ओळख करून द्यायचीच असेल तर नटांनी चिन्हं उतरवून यावं, प्रकाश प्रेक्षागृहातला लावून.

बेने इस्रायली प्रेक्षक हवे असतील तर प्रयोग शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दुपारी लावू नका. शनिवारी दिवस मावळून तारे दिसल्यानंतरचा, नाहीतर रविवारचा ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात योम किप्पूर हा उपासाचा दिवस कधी येतो ते पंचांगासारखं आधी बघा, आणि जुलै-ऑगस्टमधला 'बिरड्याचा रोजा'ही. प्रार्थनेतलं देवाचं नाव तालमीत रोज उच्चारायचं नसतं, तालमीला 'हाशेम' म्हणून चालतं. तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी खरी मागू नका, कागदाची करा, आणि तीही खाली पडणार नाही अशी बेतवा. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथे सिनेगॉग आहेत आणि मराठी वाचणारी माणसं तिथे भेटतात. संहिता त्यांना दाखवायची तर रंगीत तालमीच्या महिनाभर आधी द्या. आदल्या आठवड्यात दिली तर तोवर पिवळे तारे शिवून झालेले असतात आणि कपडेपटवाला ते उसवायला तयार नसतो.

कळावे,
रंगभूमीवर काम करणारे आणि ज्यू इतिहासाचे अभ्यासक असे काही जण